जुन्या सुगंधाची पारख

महाड : मंगलकार्यात पाहुण्यांवर गुलाबपाणी शिंपडायचे, मनगटाला अत्तर लावायचे आणि मगच पान-सुपारी द्यायची, ही महाराष्ट्रातील जुनी रीत. कानात अत्तराचा फाया ठेवणारी पिढी आता विरळ झाली असली, तरी जुन्या अत्तरांचे आणि अभिजात विलायती परफ्यूमचे आकर्षण ओसरलेले नाही. मात्र खरेदीच्या वेळी दोन समजुती ग्राहकाची हमखास फसगत करतात. ‘जुने तेवढे अस्सल’ ही पहिली आणि ‘रसायन म्हणजे नकली’ ही दुसरी. यातील दुसऱ्या समजुतीचे उत्तर महाडच्या औद्योगिक वसाहतीतच मिळते.

महाडचा वाटा

या वसाहतीतील प्रिवी स्पेशालिटी केमिकल्स ही कंपनी सुगंधी रसायने तयार करते. कागदासाठी पाइनचे लाकूड शिजवून लगदा करताना कच्चे टर्पेंटाइन उरते. उग्र दर्पाचा हा उपपदार्थ तिचा एक प्रमुख कच्चा माल आहे. त्यातून मिळणाऱ्या पायनीनपासून ‘डायहायड्रोमिर्सेनॉल’सारखी द्रव्ये बनतात. लिंबू आणि लॅव्हेंडरची आठवण करून देणारा त्याचा ताजा गंध साबण आणि कपडे धुण्याच्या पावडरीमुळे घरोघरी परिचयाचा आहे. १९८२ मधील ‘द्राकार न्वार’ आणि १९८८ मधील ‘कूल वॉटर’ या पुरुषांच्या गाजलेल्या परफ्यूममध्ये याच द्रव्याचा सढळ वापर झाला.

आधुनिक परफ्यूमचा इतिहासच प्रयोगशाळेपासून सुरू होतो. उबिगाँ या फ्रेंच पेढीने १८८२ मध्ये ‘फुजेर रोयाल’साठी कृत्रिम कूमारिन वापरले. गेर्लँच्या ‘जिकी’मध्ये (१८८९) व्हॅनिलिन आले, तर ‘शनेल नंबर ५’ची (१९२१) ओळख अल्डिहाइड्समुळे झाली. मोगल उद्यानाचे नाव धारण करणाऱ्या ‘शालिमार’चा (१९२५) गोडवाही इथाइल व्हॅनिलिनचा आहे. म्हणजे ज्यांना आज अभिजात म्हटले जाते, ते सारे फुले आणि रसायने यांच्या संगतीतून जन्मले.

काही बाबतींत तर रसायन हाच योग्य पर्याय ठरतो. वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे कस्तुरीमृगाच्या कस्तुरीचा व्यापार बेकायदा आहे. व्हेल माशाची ‘उलटी’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या अंबरग्रीसलाही हाच कायदा लागू होतो. ते विकायला निघालेल्यांना कोकण किनाऱ्यावर अनेकदा अटक झाली आहे. तेव्हा ‘असली कस्तुरी’ म्हणून कोणी कुपी पुढे केली, तर ती खोटी तरी असते किंवा गुन्हा तरी.

अत्तर घेताना

पारंपरिक अत्तर उत्तर प्रदेशातील कनौजच्या ‘देग-भपका’ पद्धतीने तयार होते. तांब्याच्या देगमध्ये फुले व पाणी घालून मंद आच देतात. वाफ बांबूच्या नळीतून भपक्यात उतरते आणि तेथील चंदनतेलात सुगंध मुरतो. गुलाब, मोगरा, केवडा, वाळा ही एकेरी अत्तरे. ‘हिना’ व ‘शमामा’ ही अनेक वनस्पती व मसाल्यांची मिश्रणे. भाजलेल्या मातीपासून काढलेले मातीचे अत्तर पहिल्या पावसाचा वास देते.

चंदन दुर्मीळ आणि महाग झाल्याने त्याच्या जागी लिक्विड पॅराफिनसारखी द्रव्ये सर्रास वापरली जातात. किंमत ही येथे पहिली खूण. एक किलो गुलाबतेलासाठी सुमारे ३ ते ५ हजार किलो पाकळ्या लागतात. त्यामुळे शे-दोनशे रुपयांत ‘शुद्ध गुलाब’ मिळणे अशक्यच. असे अत्तर आवडले तर जरूर घ्यावे, मात्र शुद्धतेचा दर देऊन नव्हे.

जुनी बाटली घेताना

विलायती परफ्यूमचे नाव तेच राहते, पण आतील मिश्रण बदलत जाते. ‘मित्सुको’सारख्या (१९१९) परफ्यूमचा आधार असलेल्या ओकमॉस या शेवाळसदृश दगडफुलाच्या अर्कावर त्वचेच्या अॅलर्जीमुळे निर्बंध आले. ‘लिलियल’ हे द्रव्य तर युरोपने मार्च २०२२ पासून सौंदर्यप्रसाधनांतून हद्दपार केले. आईच्या कपाटातील बाटली आणि दुकानातील नवी बाटली यांच्या वासात फरक जाणवतो, तो यामुळे. जुन्या बाटल्यांना चढा भाव मिळतो तोही यामुळेच.

मात्र भाव देण्यापूर्वी वय तपासावे. युरोपात २००५ पासून २६ अॅलर्जीकारक घटकांची नावे वेष्टनावर छापणे बंधनकारक झाले. खोक्यावर लिमोनीन, लिनालूल अशी यादी असेल, तर ती बाटली साठ-सत्तरच्या दशकातील असू शकत नाही. द्रवाची पातळी उतरली असेल, रंग गडद झाला असेल किंवा तोंडाची मोहोर सैल वाटत असेल, तर सावध राहावे. रिकाम्या बाटल्या पुन्हा भरून विकण्याचे प्रकारही होतात.

पारख आणि जतन

परफ्यूमचा वास तीन टप्प्यांत उलगडतो. लिंबूवर्गीय हलके गंध काही मिनिटांत उडतात, फुलांचे गंध पुढचे काही तास टिकतात आणि लाकूड, राळ, कस्तुरीसारखे जड गंध अखेरपर्यंत रेंगाळतात. म्हणून दुकानातील पहिल्या झुळकेवर निर्णय घेऊ नये. आधी कागदी पट्टीवर, मग मनगटावर थेंब लावून किमान दोन-तीन तास थांबावे. एका वेळी तीनपेक्षा अधिक वास घेऊ नयेत. मधे नाकाला विसावा म्हणून कॉफीच्या बियांची गरज नाही; मोकळी हवा पुरते. अत्तराचा गंध तासाभरात संपून तेलकट डाग तेवढा उरला, तर भेसळीची शंका घ्यावी.

उजेड, उष्णता आणि हवा हे सुगंधाचे तीन शत्रू. कोकणच्या उन्हाळ्यात खिडकीतील शेल्फ किंवा न्हाणीघर ही त्यासाठी सर्वांत वाईट जागा. बाटली खोक्यासह थंड, अंधाऱ्या कपाटात उभी ठेवावी आणि झाकण घट्ट लावावे. जुन्या बाटलीतील आरंभीचा लिंबूगंध बहुधा आधी बिघडतो. तो आंबूस लागला तरी बाटली लगेच टाकू नये. दहा मिनिटांनंतर खालचा गंध शाबूत असल्याचे अनेकदा आढळते. चंदनावरचे चांगले अत्तर तर नीट जपल्यास वयानुसार अधिक मुरते.

सुगंध निसर्गाचा की कारखान्याचा, कालचा की आजचा, यापेक्षा तो काय म्हणून विकला जातो आणि प्रत्यक्षात काय आहे, हे ओळखणे महत्त्वाचे. ती ओळख लेबल वाचून निम्मी होते. उरलेली निम्मी नाकाला पुरेसा वेळ दिल्यावर.