सोन्याच्या खाणीतील न्यूट्रिनो

विज्ञानाचा इतिहास लिहिताना प्रयोगशाळा कोणी उभारली हा प्रश्न सहसा विचारला जात नाही. कोलारच्या बाबतीत मात्र तो टाळता येत नाही. कारण तेथील प्रयोगशाळा म्हणजे जमिनीखाली सुमारे २३०० मीटरवर माणसांनी खोदलेला बोगदा होता.

निसर्गात चार मूलभूत बले मानली जातात : गुरुत्वाकर्षण, विद्युत्‌चुंबकीय बल, अणुकेंद्र बांधून ठेवणारे प्रबल बल आणि क्षीण बल. न्यूट्रिनो या कणावर मधली दोन चालत नाहीत, गुरुत्वाकर्षण नगण्य. उरते क्षीण बल. म्हणून तो सबंध पृथ्वीतून बहुधा आरपार निघून जातो. अवकाशातून येणारे विश्वकिरण वातावरणावर आदळले की न्यूट्रिनो निर्माण होतात, हे सिद्धान्ताने ठाऊक होते. त्यांची नोंद मात्र कोणी केली नव्हती. भूपृष्ठावर इतर कणांचा एवढा मारा असतो की न्यूट्रिनोची खूण त्यात हरवते. वर खडकाचे जाड छत हवे.

ते छत कोलारला मिळाले. १८८० नंतर जॉन टेलर अँड सन्स या ब्रिटिश कंपनीने तेथे खाणी चालविल्या. खाली उतरणाऱ्या मजुरांत फार मोठा भाग तमिळ मुलखातून आलेल्या अस्पृश्यांचा होता. असह्य उष्णता, अचानक फुटणारा खडक, फुप्फुसात साचणारी सिलिकाची धूळ हे त्यांच्या वाट्याला आले. आणि हे लोक अडाणी होते असेही समजू नये : अयोतीदास पंडितांच्या बौद्ध चळवळीला विसाव्या शतकाच्या आरंभीच या वसाहतीत पाठबळ मिळाले होते.

टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे शास्त्रज्ञ १९५० च्या दशकापासून तेथे विश्वकिरणांचे मापन करीत होते. १९६५ साली ओसाका व डरहॅम येथील सहकाऱ्यांसह त्यांनी वातावरणातील न्यूट्रिनोची नोंद केली. त्याच वर्षी राइनेस यांच्या गटाने दक्षिण आफ्रिकेतील सोन्याच्या खाणीत तेच साधले. तेथे वर्णभेदाच्या राज्यात काळे मजूर खोदत होते. दोन्ही शोधनिबंध ऑगस्टमध्ये प्रसिद्ध झाले. हा योगायोग मला वाटत नाही. जगात एवढ्या खोल माणसाला उतरवायचे तर सोन्याचा लोभ हवा, आणि ज्याच्या जिवाचे मोल कमी लेखता येते असा माणूसही हवा.

कोडी सुटली नाहीत. १९९८ साली जपानमधील प्रयोगाने न्यूट्रिनो वाटेत आपला प्रकार बदलतात, म्हणजे त्यांना वस्तुमान आहे, हे दाखविले. पण ते नेमके किती, हे अजून ठरलेले नाही. गुरुत्वाकर्षण सोडून उरलेली तीन बले मुळात एकच असतील तर प्रोटॉनचाही कधीतरी क्षय व्हायला हवा. १९८० च्या दशकात कोलारला १४० टनांचे उपकरण लावून तो शोधला गेला. काही संशयित घटना नोंदल्या गेल्या, परंतु पुढच्या मोठ्या प्रयोगांनी त्यांना दुजोरा दिला नाही. प्रोटॉनचा क्षय आजही कोणाला दिसलेला नाही.

२००१ च्या फेब्रुवारीत खाण बंद झाली. वसाहतीतली पुष्कळ माणसे पहाटेच्या गाडीने बंगळूरला कामाला जाऊ लागली.