रंग कोणी भरले?

१४९३ साली न्यूरेंबर्गमध्ये छापलेल्या जगाच्या इतिहासाची रंगीत प्रत विक्रीला आली, की जाणता संग्राहक आधी तिचे रंग तपासतो. हार्टमान शेडेल या वैद्याने रचलेल्या या ग्रंथात १,८०९ चित्रे आहेत; ती छापली मात्र अवघ्या ६४५ लाकडी ठशांवरून. त्यामुळे एकच चेहरा निरनिराळ्या पानांवर निरनिराळ्या नावांनी भेटतो. छपाई काळ्या शाईची. रंग नंतर हाताने भरले, आणि तेही सगळ्या प्रतींत नव्हे. मग ते कोणी भरले, आणि केव्हा?

सुदैवाने अस्सल कागद टिकले आहेत. २९ डिसेंबर १४९१चा करारनामा भांडवल घालणारे श्रायर व कामरमायस्टर आणि चित्रकार वोल्गेमुट व प्लायडेनवुर्फ यांच्यातला आहे. १६ मार्च १४९२ला मुद्रक आंटोन कोबर्गरशी करार झाला; त्यात ताव सुरक्षित ठेवण्यासाठी त्याच्या घरात खोली राखून ठेवण्याची तरतूद आहे. लॅटिन आवृत्ती १२ जुलै १४९३ला पुरी झाली, जर्मन २३ डिसेंबरला.

रंगांच्या दृष्टीने मला सर्वांत मोलाचा वाटतो तो १५०९चा अखेरचा हिशेब. तोवर लॅटिनच्या ५३९ आणि जर्मनच्या ६० प्रती पडून होत्या. त्यात रंगवलेल्या प्रतींची नोंद वेगळी आहे. म्हणजे निदान काही प्रती रंगवूनच बाजारात गेल्या, एवढे पक्के. त्या वोल्गेमुटच्याच चित्रशाळेत रंगल्या असाव्यात, हा संभवनीय तर्क, पण तर्कच.

ग्रंथाची छापील जाहिरातही उपलब्ध आहे. सम्राट, पोप, तत्त्ववेत्ते, कवी आपापल्या काळाच्या वेशात दिसतील, असे आश्वासन तीत दिले आहे. ठसे पुन्हा पुन्हा वापरून ते पाळणे अवघड होते. कुंचल्याने मात्र ते थोडेफार साधते: एका पानावर झगा तांबडा, दुसऱ्यावर हिरवा, दाढी कुठे काळी तर कुठे पिंगट, आणि तोच ठसा दुसरा माणूस होतो. श्रीमंत गिऱ्हाइकाने रंगासाठी जादा पैसे का मोजले असतील, याचे एक कारण मला इथे दिसते.

प्रत हातात आली की पान उलटून पाहावे. तांब्यापासून केलेला जुना हिरवा रंग कागद खातो आणि मागच्या बाजूला तपकिरी डाग उमटतो. पण डाग नसला म्हणून रंग नवा ठरत नाही. हिरवे रंग अनेक प्रकारचे होते. किडीचे भोक अधिक बोलके: रंग भोकाच्या कडेवरून आत उतरला असेल, तर तो भोकानंतरचा. आणि जुन्या मालकाची शाईतली टीप रंगावरून गेली असेल, तर रंग टिपेच्या आधीचा.

ताडून पाहायला शेडेलची स्वतःची रंगीत प्रत आहे. तिचा प्रवास कागदोपत्री सापडतो: १५५२मध्ये नातवाने त्याचा संग्रह योहान याकोब फुगरला विकला, १५७१मध्ये तो बव्हेरियाच्या ड्यूक आल्ब्रेख्टकडे गेला, आज ही प्रत म्युनिकच्या राज्य ग्रंथालयात आहे. मात्र तिच्याशी रंगछटा जुळल्या, म्हणून दुसरी प्रत त्याच हातची म्हणता येत नाही. त्यासाठी रंगावरून गेलेली एखादी तारखेची टीप तरी हवी.