कापसे आडनाव अन् घरची सरकी

परवा धुऱ्यावर चहा घेताना शेजारच्या कापसे घरातल्या पोरानं विचारलं, "काका, आमचं आडनाव कापसे, मंग आमच्या वावरात सोयाबीनच काहून?" हसलो, पण प्रश्न डोक्यात राहिला.

संस्कृतात कार्पास, प्राकृतात कप्पास, मराठीत कापूस, त्यावरून कापसे. गावावरून आडनाव पडलं की शेवटी 'कर' लागतो, जसे कापशीचे ते कापशीकर. कापसे मात्र सरळ पिकावरून किंवा त्याच्या धंद्यावरून आलेलं दिसतं. वेगवेगळ्या समाजांत ते सापडतं, म्हणून सगळे कापसे एका कुळाचे समजू नका.

हा शब्द कापडासंगं लई दूर गेला. फारसीत कर्बास म्हणजे सुती कापड, ग्रीकमध्ये कार्पासॉस, लॅटिनमध्ये कार्बासुस. बायबलमधल्या एस्तेरच्या पुस्तकात राजवाड्याच्या पडद्यांच्या वर्णनात 'कर्पास' येतो. इंग्रजी कॉटन मात्र अरबी 'कुत्न'वरून.

१८६१ ते १८६५ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध झालं. इंग्लंडच्या गिरण्यांना तिकडचा कापूस मिळेना, तेव्हा आपल्या वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. आपल्या कारंज्यावरून पूर्वी धावणारी शकुंतला रेल्वेसुद्धा कापूस वाहायलाच टाकलेली.

जुना गावरान कापूस म्हणजे गॉसिपियम आर्बोरियम. बोंड लहान, धागा आखूड. पण सोटमूळ खोल, पावसाचा खंड सोसणारा, रसशोषक किडींना सहज दाद न देणारा. सरळ वाण असल्यानं सरकी घरचीच ठेवायची. २००२ मध्ये बीटीला परवानगी मिळाली. ही बीटी बहुतेक अमेरिकन कपाशीची संकरित, म्हणून दरसाल पाकीट विकत. आडनाव घरात राहिलं, बी मात्र दुकानात गेलं.

पण वाट बंद झाली नाही. अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठानं एकेए-७, एकेए-८ असे देशी वाण दिले आहेत. देशीची गुणसूत्रं २६, अमेरिकनची ५२. त्यामुळं बाजूला बीटी असली तरी दोघींचा संकर सहजी होत नाही अन् बी शुद्ध राहतं.

त्या पोराला सांगितलं, पुढच्या मृगात सोयाबीनच्या कडेनं देशीची दोन तासं टाकू. वेचणी झाली की सरकी तूच ठेवायची, आडनाव तुझं आहे.

तुमच्याकडं कोणाच्या घरी जुनी गावरान सरकी असेल तर कळवा. अन् तुमचं आडनाव कोणत्या पिकाचं, तेही सांगा.