बिटकॉइन वॉलेट : एका बीजातून सर्व किल्ल्या

बिटकॉइनची मालकी गुप्त किल्लीवर अवलंबून असते. ती हरवल्यास रक्कम परत मिळवून देणारी कोणतीही बँक नसते. सुरुवातीच्या वॉलेटमध्ये प्रत्येक किल्ली स्वतंत्रपणे तयार होत असे. शंभर किल्ल्यांचा साठा आगाऊ ठेवला जाई. तो संपल्यानंतर नवी प्रत काढली नसेल, तर पुढील किल्ल्यांवरील रक्कम जुन्या प्रतीतून मिळत नसे.

यावर उपाय म्हणून पीटर वुइले यांनी फेब्रुवारी २०१२ मध्ये 'बीआयपी-३२' हा प्रस्ताव मांडला. त्यानुसार एकाच बीजापासून, वृक्षाला फांद्या फुटाव्यात त्याप्रमाणे, गणिती पद्धतीने असंख्य किल्ल्या निर्माण होतात. त्यामुळे बीजाची एकच प्रत पुरेशी ठरते. शिवाय केवळ सार्वजनिक किल्ली वापरून दुकानदाराला प्रत्येक ग्राहकासाठी नवा पत्ता तयार करता येतो. गुप्त किल्ली संगणकावर ठेवावी लागत नाही.

२०१३ मधील 'बीआयपी-३९' ने हे बीज २,०४८ शब्दांच्या यादीतील १२ ते २४ शब्दांत मांडले, तर २०१४ मधील 'बीआयपी-४४' ने फांद्यांचा क्रम ठरवून दिला. 'बिटकॉइन कोअर'ने ऑगस्ट २०१६ मध्ये, ०.१३.० या आवृत्तीपासून, नव्या वॉलेटसाठी 'बीआयपी-३२' ची पद्धत स्वीकारली.

मात्र यात धोकाही आहे. साध्या फांदीची एक गुप्त किल्ली व तिच्या मूळ शाखेची विस्तारित सार्वजनिक किल्ली एकाच्या हाती पडल्यास त्या शाखेची गुप्त किल्ली उघड होते. म्हणूनच 'कठोर' फांद्यांची तरतूद करण्यात आली. बीजाचे शब्दच चोरीला गेल्यास मात्र ही तरतूद उपयोगी पडत नाही.