किल्ली आणि ताबा

भाड्याच्या घराचा इतिहास म्हटला की आपल्याला आठवते ते घराबाहेर काढणे. मालकाने सामान रस्त्यावर टाकले, भाडेकरूने कोर्ट गाठले. परंतु आपणहून घर सोडून जाणाऱ्या माणसाचीही एक कथा आहे आणि गोंदियात ती फार जणांची आहे.

हे गावच मुळी येणाऱ्याजाणाऱ्यांचे. 1887 साली बंगाल नागपूर रेल्वे कंपनी निघाली. पुढे विसाव्या शतकाच्या आरंभी जबलपूरकडे अरुंद मार्ग गेला आणि गोंदिया जंक्शन झाले. धानाच्या गिरण्या आल्या, विडीचे कारखाने आले. गँगमन, हमाल, गुमास्ते, शाळामास्तर भाड्याच्या खोल्यांत राहू लागले. बदलीचा हुकूम आला की दोन दिवसांत बिऱ्हाड हलवावयाचे. जाणारा माणूस दाराला कुलूप लावतो, किल्ली शेजाऱ्याकडे ठेवतो आणि गाडीत बसतो. त्याच्या मते खोली सुटली.

कायद्याच्या मते ती सुटलेली नसते. मी कलमे वाचावयास शिकलो ते कामगारांचे अर्ज लिहिता लिहिता, म्हणून पंडिताच्या नव्हे, अर्जनविसाच्या भाषेत सांगतो. 1882 सालच्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याचे 108 वे कलम म्हणते की, भाडेपट्टा संपला म्हणजे मालकाला ताबा देणे हे भाडेकरूचे काम. मालकाने शोधत येऊन घ्यावा, असे त्यात नाही. वापराची झीज आणि माणसाच्या आवाक्याबाहेरचे संकट वगळता घर घेतले तशा स्थितीत परत द्यावयाचे. आपण ठोकलेली फळी आपण न्यावी, पण ताबा हाती असेतोवर, आणि भिंत पूर्ववत करून. महिन्याच्या भाड्याच्या घराला, करारात वेगळे ठरले नसेल तर, 15 दिवसांची लेखी सूचना लागते; ती मालकाने द्यावयाची तशीच भाडेकरूनेही.

मग युद्ध आले आणि शहरांत घरे मिळेनाशी झाली. मध्यप्रांत-वऱ्हाड सरकारने 1946 साली कायदा केला आणि त्याखाली 1949 चा भाडेनियंत्रण आदेश निघाला. नियंत्रकाच्या परवानगीवाचून मालकाला भाडेकरूला नोटीस देता येईना. कामगाराला तो मोठाच आधार झाला; त्याची थट्टा करणाऱ्यांनी चाळीत राहून पाहावे! पण त्याच आदेशात आणखी एक प्रकरण होते, ते फारसे कोणी वाचत नाही. ते जिथे लागू होते तिथे घर रिकामे होणार असल्याची खबर मालकाने कलेक्टरला द्यावयाची, आणि कलेक्टर ते घर सरकारी नोकराला, निर्वासिताला किंवा घराबाहेर काढलेल्या भाडेकरूला देववू शकत असे. म्हणजे सोडलेली खोली ही दोघांचीच बाब राहिली नाही; तिची वाट पाहणारा तिसरा कोणी होता. मुंबईत तर तो तिसरा पागडी मोजून आत येई. 1947 च्या मुंबई कायद्याने पागडी गुन्हा ठरविली, तरी ती थांबली नाही.

1956 साली आपण मुंबई राज्यात आलो, 1960 साली महाराष्ट्रात, 1999 साली भंडाऱ्यातून निघून गोंदिया वेगळा जिल्हा झाला. घरभाड्याचा आदेश मात्र तोच राहिला. तो गेला 31 मार्च 2000 रोजी, महाराष्ट्र भाडेनियंत्रण कायदा अमलात आला तेव्हा. आता करार लेखी आणि नोंदलेला हवा, नोंदणीची जबाबदारी मालकाची. लिव्ह ॲण्ड लायसन्सची मुदत संपल्यावर जो घर सोडत नाही, त्याला दुप्पट शुल्क बसते.

आमच्या संघटनेतील एका सभासदाची डोंगरगडला बदली झाली. किल्ली शेजारी ठेवली, भाचा परीक्षेपुरता खोलीत राहिला. पाच महिन्यांनी अनामत मागावयास गेला तर मालकाने पाचही महिन्यांचे भाडे वळते करून घेतलेले. मालकावर चिडण्याआधी मी त्याला विचारले, तू खोली सोडलीस ती तारीख कोणत्या कागदावर आहे? कोणत्याच नव्हती. भाचा आत असताना मालकाच्या हाती ताबा आला, असे म्हणताही येईना.

हा कागद म्हणजे ताबापावती. खोली पूर्ण रिकामी करून, मालकाला आत फिरवून ती लिहावी: तारीख, किल्ल्या किती, विजेच्या मीटरचा आकडा, भाडे कुठवर दिले, अनामतीतून काय कापले आणि का, दोघांच्या सह्या. मालक किल्ली घेत नसेल तर दोन साक्षीदारांसमक्ष द्यावी आणि त्याच दिवशी टपालाने पत्र टाकून पोच ठेवावी. त्या सभासदाने पुढे डोंगरगडची खोली सोडली तेव्हा वहीच्या पानावर असा कागद लिहून घेतला, आणि मीटरचा आकडा मालकाच्या मुलाकडून वाचून घेतला.