मीठ, कोळसा आणि वायरमन

तुमच्या घराच्या अर्थिंगचा खड्डा कुठे आहे, हे तुम्हाला माहीत आहे का? गेल्या काही वर्षांत बारामती-इंदापूरकडच्या बऱ्याच मित्रांना मी हा प्रश्न विचारला. मीटर कुठे आहे ते सगळ्यांना ठाऊक असतं. बोअर किती फुटांवर गेलं आणि पाणी कितव्या फुटाला लागलं, हेही लोक आकड्यांसह सांगतात. खड्ड्याचं विचारलं की मात्र गडी बायकोच्या तोंडाकडे बघतो. मीही त्यातलाच होतो. मी कविता लिहिणारा माणूस, माझ्या वहीत वीज आली तर ती आभाळातली. भिंतीतल्या विजेकडे मी वळलो तो घरात एक प्रसंग घडल्यावर. तो पुढे सांगेन. आधी ही वीज आमच्याकडे आली कशी, ते पाहू.

आमच्या भागात विजेच्या आधी कालवा आला. भाटघरच्या धरणाच्या पाण्यावर चालणाऱ्या नीरा डाव्या कालव्याने १८८० च्या दशकात बारामती-इंदापूरच्या कोरड्या रानात पाणी आणलं. पाण्यामागून ऊस आला आणि उसामागून कारखाना. १९३० च्या दशकात वालचंद हिराचंद यांनी इंदापूर तालुक्यात कळंबजवळ साखर कारखाना उभारला. त्याच्याभोवती जी वसाहत वाढली ती वालचंदनगर. १९५० च्या दशकात बारामती तालुक्यात माळेगावचा आणि इंदापूर तालुक्यात भवानीनगरचा छत्रपती कारखाना असे सहकारी कारखाने निघाले. साखर कारखाना स्वतःची वीज स्वतःच करतो. रस काढून उरलेला उसाचा चोथा, म्हणजे बगॅस, बॉयलरमध्ये जाळायचा, त्याच्या वाफेवर टर्बाइन फिरवायचं. म्हणजे कारखाना तिथे इलेक्ट्रिक खातं आलंच. या खात्यांत हेल्पर म्हणून लागलेली पोरं पुढे आमच्या भागातले जाणते वायरमन झाली.

१९६० मध्ये महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ स्थापन झालं. १९६२-६३ च्या सुमारास कोयनेची वीज सुरू झाली आणि तारा खेड्यांकडे निघाल्या. इथे एक गोष्ट मला महत्त्वाची वाटते. आमच्याकडच्या कितीतरी वस्त्यांवर वीज आली ती घरासाठी नव्हे, विहिरीवरच्या मोटरीसाठी. आधी रानात पाच हॉर्सपॉवरची मोटर बसली, मग तिथूनच ओढलेल्या एका वायरीवर छपरात बल्ब लागला. त्यामुळे गावात जो 'लाईटवाला' तयार झाला तो मुळात मोटर दुरुस्त करणारा. त्याच्या दुकानावर पाटी असायची 'मोटर रिवाइंडिंग', आणि घराचं फिटिंग हे त्याचं जोडकाम. उसाला पाणी द्यायचं आहे, कालव्याचं आवर्तन संपत आलंय, मोटर बंद पडलीय, अशा वेळी शेतकऱ्याला एकच हवं असतं, मोटर चालू झाली पाहिजे. फ्यूज सारखा उडतो? घाल तांब्याची जाड तार. एक फेज गेलीय? लाव कपॅसिटर. १९८० मध्ये उजनी धरण झालं आणि इंदापूरच्या काठाला जलाशयाचं पाणी आलं. पाणी मागे सरकलं की मोटरी पुढे न्यायच्या, केबल ओल्या गाळातून ओढत न्यायची. अशा कामात तरबेज झालेला हात संध्याकाळी घरात बोर्ड बसवायला यायचा. रानातली ही सवय घरात आली, आणि ती अजून पुरती गेलेली नाही.

इंदापुरात आमच्या घरी मीटर बसला १९७६ साली, मी तेव्हा पहिलीत होतो. फिटिंग करायला आलेल्या वायरमनला आम्ही मुलं चाचा म्हणायचो. सागवानी पट्टी भिंतीला ठोकायची, तिच्यावर वायर ठेवून पत्र्याच्या बारीक क्लिपा दुमडायच्या, गोल लाकडी ब्लॉकवर काळा बॅकेलाइटचा स्विच बसवायचा. क्लिपा एका रेषेत दुमडायला चाचांना दोन दिवस लागले. मीटरशेजारी चिनी मातीचे पांढरे किटकॅट फ्यूज बसले. घरात तीन बल्ब आणि एक प्लग, तोही दोन भोकांचा. अम्मीने विचारलं, "शॉक नाही ना लागणार?" चाचा म्हणाले, "हात लावायचा नाही भाभी, मग नाही लागत." त्या काळाचं सुरक्षाशास्त्र एवढंच होतं, आणि तीन बल्बांच्या घराला ते पुरत होतं. मोरोपंतांनी बारामतीत आर्या रचल्या त्या तेलाच्या दिव्याच्या उजेडात. त्या दिव्याचा धोका डोळ्यांना दिसायचा. उघडी वायरही निदान दिसायची तरी. पुढे वायरी पाइपात घालून भिंतीत गाडल्या आणि धोका दिसेनासा झाला.

कायदा मात्र सुरुवातीपासून जागा होता. इंग्रजांनी १९१० सालीच भारतीय विद्युत कायदा केला. त्याखालचे १९५६ चे नियम स्वच्छ सांगत होते की घरातलं विजेचं काम परवानाधारक ठेकेदारानेच करावं. देखरेखीला पात्रतेचं प्रमाणपत्र असलेला पर्यवेक्षक हवा आणि हात लावणाऱ्याकडे वायरमनचा परवाना हवा. जोडणीची तपासणी पाच वर्षांच्या आत पुन्हा व्हावी, हेही त्यात होतं. हे परवाने राज्य शासनाचं अनुज्ञापक मंडळ देतं. आयटीआयमध्ये इलेक्ट्रिशियन आणि वायरमन असे अभ्यासक्रम आहेत, आणि बारामतीच्या आयटीआयतून शिकलेली मुलं एमआयडीसीत भेटतात. पुढे २००३ मध्ये नवा विद्युत कायदा आला. त्याच वर्षी वायर, स्विच अशा वस्तूंवर आयएसआय चिन्ह सक्तीचं झालं. २०१० मध्ये सुरक्षेचे नवे नियम आले, २०२३ मध्ये पुन्हा नवे. दरम्यान २००५ मध्ये विद्युत मंडळाच्या वेगवेगळ्या कंपन्या झाल्या आणि घरपोच वीज 'महावितरण'कडे गेली. कागद वाढत गेला. पण नवी जोडणी घेताना जो टेस्ट रिपोर्ट जोडावा लागतो, त्यावरची सही एकाची आणि भिंतीतलं काम दुसऱ्याचं, हे मी कितीतरी घरांत पाहिलंय.

या दुसऱ्याला आमच्याकडे नाव आहे, 'झिरो वायरमन'. भरती नाही, परवाना नाही, विमा नाही, म्हणून झिरो. हा डीपीवर जाऊन फ्यूज टाकतो, खांबावर चढतो, तुटलेली तार जोडतो. अधिकृत माणसाकडे दहा गावं असतात, हा मात्र हाकेच्या अंतरावर असतो. माझ्या वर्गातला एक मुलगा नववीतून शाळा सोडून असाच झिरो वायरमन झाला. हात फार हुशार होता त्याचा. उरुसाला चाँदशाहवली बाबांच्या दर्ग्याची रोषणाई असो, गणपतीचा मांडव असो की तुकोबांची पालखी मुक्कामी असतानाचे दिवे, माळा लावायला हाच पुढे. १९९० च्या दशकातल्या एका पावसाळ्यात तो डीपीवर चढला आणि खाली आला तो जिवंत नव्हता. चढायला कुणी सांगितलं, हे कुणीच कबूल केलं नाही. सगळ्या रानाला पाणी हवं होतं, एवढंच खरं. कागदोपत्री तो कुणाचाच कामगार नव्हता, त्यामुळे भरपाईच्या अर्जात मालकाच्या रकान्यात काय लिहायचं, हे त्याच्या बापाने मला विचारलं. मी बी. ए. झालेला होतो ना, म्हणून. मला काही सांगता आलं नाही.

आता माझ्या घराचं. जुनं घर पाडून २००४ मध्ये नवं बांधलं. वायरिंग सगळं भिंतीत, तीन भोकांचे प्लग, एमसीबीची चकचकीत पेटी. फिटिंग एका ओळखीच्या माणसाने स्वस्तात केलं. टेस्ट रिपोर्टवर ज्याची सही होती, त्याला आम्ही कधी पाहिलं नाही. २०१३ च्या मे महिन्यात माझी बायको न्हाणीघरात गिझरच्या नळाला हात लावायला गेली आणि मागे फेकली गेली. मागे पडली म्हणून वाचली. हात चिकटला असता तर आज हे बोलायला मी तुमच्यापुढे नसतो.

दोन वायरमन येऊन गेले. एकाने गिझर बदलायला सांगितलं, दुसऱ्याने पायात चप्पल घालून आंघोळ करायला. मग कुणीतरी साखर कारखान्याच्या इलेक्ट्रिक खात्यातून निवृत्त झालेल्या एका काकांचं नाव सुचवलं. त्यांच्या हातात एक होल्डर, त्यात बल्ब आणि दोन वायरी होत्या. एक वायर प्लगमधल्या फेजला, दुसरी न्यूट्रलला लावली, बल्ब लख्ख पेटला. दुसरी वायर काढून तिसऱ्या भोकाला लावली. बल्ब पेटला नाही. त्यांनी बोर्ड उघडला. अर्थिंगची हिरवी वायर बोर्डापर्यंत आलेली होती आणि तिथेच वळवून, वर चिकटपट्टी लावून ठेवलेली होती. मग ते परसात गेले. सिमेंटचं झाकण उचललं, खालचा मुरूम कुदळीने उकरला आणि म्हणाले, "भाई, झाकण हाय, खड्डाच न्हाय."

त्यांनी जे समजावलं ते माझ्यासारख्यालाही कळलं. गिझरच्या आतली वायर खराब होऊन वीज पत्र्यात उतरली की तिला जायला वाट हवी. अर्थिंग चांगलं असेल, समजा त्याचा रोध तीन ओहम असेल, तर २३० व्होल्टला सत्तरच्या वर अँपिअर जमिनीत जातात आणि फ्यूज तत्काळ उडतो. जमीन कोरडी पडून रोध पन्नास ओहमवर गेला, तर जेमतेम साडेचार अँपिअर वाहतात. पाच अँपिअरचा फ्यूज जागचा हलत नाही आणि गिझर तसाच जिवंत राहतो. आमच्यासारख्या अवर्षणाच्या मुलखात म्हणूनच खड्ड्यात मीठ आणि कोळसा भरतात, ओल धरून राहावी म्हणून, आणि उन्हाळ्यात बादलीभर पाणी ओततात. फ्यूज आणि एमसीबी वायर जळू नये म्हणून असतात, माणूस मरू नये म्हणून नव्हे. तीस मिलिअँपिअरच्या पुढचा प्रवाह छातीतून थोडा वेळ गेला तरी जीव धोक्यात येतो, आणि पाच अँपिअर म्हणजे पाच हजार मिलिअँपिअर. माणसासाठी वेगळं यंत्र असतं, आरसीसीबी. तीस मिलिअँपिअर गळती झाली की ते डोळ्याचं पातं लवायच्या आत वीज तोडतं. २०१० च्या नियमांनी लहान जोडण्या सोडल्या तर गळती तोडणारं असं यंत्र बंधनकारक केलं. किती घरांत आहे, ते आपापल्या पेटीत पाहावं. त्यावर 'टेस्ट' लिहिलेलं बटण असतं, एमसीबीवर नसतं.

चांगला वायरमन ओळखायचा कसा, असंही मी काकांना विचारलं. ते हसले. "जो आल्या आल्या स्विच बघतो तो पोटापुरता. जो आधी मेन स्विच कुठंय, अर्थिंग कुठंय इचारतो, त्याला चहा पाजा." परवाना बघायला मागितला म्हणून खऱ्या वायरमनला राग येत नाही, उलट तो खिशातून काढून दाखवतो, असंही ते म्हणाले. इन्व्हर्टर आणि जनरेटरबद्दल ते कडक होते. भारनियमनाच्या वर्षांत घरोघरी कुणाकडूनही ते जोडून घेतले गेले, आणि चुकीच्या जोडणीमुळे बंद लाईनमध्ये उलटी वीज जाते. खांबावरचा माणूस लाईन बंद आहे असं समजून काम करत असतो. मला माझा वर्गमित्र आठवला.

जून २०२४ मध्ये शेजारच्या दौंड तालुक्यात, दापोडीत, एकाच घरातली तीन माणसं गेली. पत्र्याच्या घराला वीज लागलेली, त्याला बांधलेली कपडे वाळत घालायची तार, आणि तिच्यावर ओला कपडा. ती बातमी वाचली त्या दिवशी मी आमच्या परसातली तार सोडली आणि नायलॉनची दोरी बांधली.

काकांनी आमच्याकडे तीन दिवस काम केलं. नवा खड्डा खणला, हिरवी वायर प्रत्येक बोर्डात नेऊन जोडली, आरसीसीबी बसवला. शेवटच्या दिवशी अर्थिंग मोजलं आणि पेटीच्या दाराच्या आतल्या बाजूला पेन्सिलने लिहिलं, 'जून २०१३, अर्थ ३ ओहम'. म्हणाले, "पाच वर्सांनी कुणाला तरी बोलवा. मी असंन, नसंन." २०१८ मध्ये ते स्वतःच आले. २०२३ मध्ये ते नव्हते. त्यांच्या हाताखाली शिकलेला, आयटीआय झालेला एक मुलगा आला, दार उघडल्यावर त्याने गुरूचं अक्षर ओळखलं, थोडा वेळ थांबला आणि मग खाली तिसरी ओळ लिहिली. उन्हाळ्यात खड्ड्यात पाणी ओतायचं काम अम्मीकडे होतं. आता तिला बादली उचलत नाही, ती ओट्यावर बसून मला सांगते, अजून एक टाक.