तिबेटी निर्वासित विद्यार्थ्यांचे इंग्रजी शिक्षण (भंडारा वसाहत)

तिबेटमधून भारतात आलेल्या निर्वासितांच्या मुलांना, तसेच नंतरच्या काळात नव्याने आलेल्या मुलांना व तरुणांना इंग्रजी शिकवण्याची व्यवस्था. महाराष्ट्रात तिचा संबंध नॉर्ग्येलिंग या वसाहतीशी येतो. ही वसाहत 1972 मध्ये तेव्हाच्या भंडारा जिल्ह्यात, अर्जुनी मोरगाव तालुक्यातील गोठणगाव–प्रतापगड परिसरात वसवण्यात आली. 1 मे 1999 रोजी गोंदिया जिल्हा वेगळा झाल्यावर हा तालुका त्यात गेला. तिबेटी समाजात मात्र वसाहतीची ओळख आजही ‘भंडारा’ अशीच आहे.

पार्श्वभूमी : मार्च 1959 मध्ये दलाई लामा भारतात आले आणि त्यांच्यामागोमाग हजारो तिबेटी आले. मुलांसाठी पहिली निवासी शाळा 1960 मध्ये मसुरीला सुरू झाली. 1961 मध्ये भारत सरकारच्या शिक्षण मंत्रालयाच्या अखत्यारीत तिबेटी शाळांसाठी स्वायत्त संस्था स्थापन झाली. तीच पुढे केंद्रीय तिबेटी शाळा प्रशासन म्हणून ओळखली जाऊ लागली. तिबेटी भाषा व संस्कृती जपणाऱ्या स्वतंत्र शाळा असाव्यात, पण माध्यम इंग्रजी असावे, असा जवाहरलाल नेहरूंचा सल्ला होता. वेगवेगळ्या राज्यांत विखुरलेल्या वसाहतींना एकच अभ्यासक्रम लावणे त्यामुळे सोपे झाले. या शाळांना केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाची परीक्षा लागू झाली.

भाषिक स्वरूप : वसाहतीतील मुलाच्या कानावर घरी तिबेटी, बाजारात हिंदी व मराठी आणि वर्गात इंग्रजी पडते. लिप्याही तीन शिकाव्या लागतात. तिबेटी लिपी भारतीय लिप्यांवरून घडलेली असून तिची वर्णमाला क, ख, ग, ङ अशीच सुरू होते. त्यामुळे देवनागरीचा वर्णक्रम तिबेटी मुलाला ओळखीचा वाटतो. रोमन अक्षरांना असा उच्चारस्थानांनुसार क्रम नाही. उलट, लिहिलेले अक्षर न उच्चारण्याची इंग्रजीची रीत त्याला नवी नसते. तिबेटीत ‘आठ’ या अर्थाचा शब्द ब-र-ग-य-द असा लिहितात आणि ‘ग्ये’च्या जवळपास उच्चारतात.

व्याकरणात तिबेटी ही मराठीच्या अधिक जवळ आहे. दोन्हींत क्रियापद वाक्याच्या शेवटी येते आणि संबंधदर्शक शब्द नामानंतर येतो. म्हणून कर्त्यामागोमाग क्रियापद आणण्याची इंग्रजी रचना मुद्दाम घोटवून घ्यावी लागते. संख्यावाचक शब्द असला की तिबेटी नामाला अनेकवचनाचा प्रत्यय लागत नाही. ल्हासाच्या बोलीत शब्दान्तीचा ‘स’ उच्चारला जात नाही. त्यामुळे इंग्रजी अनेकवचनाचा व तृतीयपुरुषी क्रियापदाचा अंत्य ‘स’ बोलताना आणि लिहिताना सहज गळतो. ओठ-दातांतून निघणारा इंग्रजी ‘फ’ तिबेटीत मुळात नाही. त्याच्या जागी मराठी ‘फळ’मधल्यासारखा महाप्राण ‘फ’ येतो.

माध्यमाचा बदल : सुरुवातीच्या दशकांत पहिलीपासून सर्व विषय इंग्रजीत शिकवले जात. अर्थ न कळता पाठ करण्याची सवय लागते आणि मातृभाषाही कच्ची राहते, असा अनुभव आल्यावर धोरण बदलले. तिबेटी बालग्राम संस्थेने 1985 पासून प्राथमिक वर्गांसाठी तिबेटी माध्यम स्वीकारले. केंद्रीय प्रशासनाच्या शाळांतही 1990 च्या दशकात हा बदल झाला. निर्वासित तिबेटी प्रशासनाच्या 2004 च्या मूलभूत शिक्षण धोरणाने मातृभाषेला अग्रस्थान दिले. या पद्धतीत संकल्पना आधी तिबेटीतून समजतात, इंग्रजी भाषा म्हणून शिकवली जाते आणि वरच्या वर्गांत ती माध्यम बनते. त्या टप्प्यावर विज्ञान व गणिताच्या संज्ञा मुलांना नव्याने इंग्रजीत शिकाव्या लागतात. हा या पद्धतीतील अवघड भाग होय.

नवागतांची व्यवस्था : 1980 नंतर नेपाळमार्गे येणाऱ्यांत मुले व तरुण बरेच होते. वयाने मोठ्या पण इंग्रजीचे अक्षरही न शिकलेल्या मुलाला पहिलीत बसवणे योग्य नसते. म्हणून अशांसाठी वेगळे वर्ग काढून त्यांना कमी काळात वयानुरूप इयत्तेपर्यंत आणले जाई. 18 ते 30 वर्षे वयाच्या नवागतांसाठी 1993 मध्ये धर्मशाळेजवळ तिबेटी संक्रमण शाळा निघाली; तिचे पुढचे नाव शेरब गात्सेल लोबलिंग. तेथे तिबेटी, इंग्रजी व संगणक शिकवला जाई. 2008 नंतर तिबेटमधून येणाऱ्यांची संख्या फार घटली.

सद्यःस्थिती : 2013 पासून केंद्रीय प्रशासनाच्या अनेक शाळा टप्प्याटप्प्याने संभोट तिबेटी शाळा संस्थेकडे सोपवण्यात आल्या. लहान वसाहतींतील मुले वरच्या इयत्तांसाठी वसतिगृह असलेल्या मोठ्या शाळांत जातात. हिवाळ्यात मोठी माणसे स्वेटरविक्रीसाठी शहरांत असतात, तेव्हा घरी आजी-आजोबांजवळ तिबेटी बोलली जाते. इंग्रजीचा सराव त्यामुळे मुख्यतः शाळेतच होतो.